पोपड्याची पाठ बघा

प्रश्न : आमच्या अंगणाच्या कडेला विटांची ९ इंची भिंत आहे, साडेपाच फूट उंच, साधारण ४० फूट लांब. बांधून १२ वर्षं झाली. रस्त्याकडच्या अंगाला आम्ही दोनदा गिलावा केला. पहिला पाच-सहा वर्षांनी फुगायला लागला, तेव्हा ओल २ फुटांपर्यंत होती. तो पाडून जास्त सिमेंटचा पक्का गिलावा करून घेतला आणि वर भारीतला चकचकीत रंग दिला. तो ३ वर्षंही टिकला नाही. आता ओल साडेतीन फुटांवर गेली आहे, पांढरी खार फुटते, हाताएवढे पोपडे पडतात. वरच्या भागातही भेगा आहेत. आतल्या बाजूला मी भिंतीलगत फुलझाडांचा वाफा केलाय, पण तिकडे गिलावाच नाही, त्यामुळे त्याची काळजी नाही. गवंडी म्हणतात, या वेळी एकास तीनचा माल (एक भाग सिमेंट, तीन भाग वाळू) लावू, त्यात वॉटरप्रूफिंग घालू. त्याचा ५ लिटरचा डबा आणूनही ठेवलाय. भाऊ म्हणतो, टाइल्स लावून टाक, कटकट मिटेल. कोणता गिलावा लावला म्हणजे पडणार नाही?

— भिंतीला वैतागलेली एक वाचक

ताई, नमस्कार.

गिलावा कोणता, त्याकडे येतोच. त्याआधी एक करा. भिंतीच्या पायथ्याशी पडलेला एखादा पोपडा उचला, तळहाताएवढा तरी हवा, आणि उलटा करून उजेडात धरा. पोपड्याचं तोंड सगळेच बघतात. रंग गेला, भेग पडली, एवढंच त्यावरून कळतं. तो का पडला, ते पाठीवर असतं.

पाठ स्वच्छ, सिमेंटच्याच रंगाची असेल, विटांच्या सांध्यांचा ठसाही उमटलेला नसेल, तर तो गिलावा भिंतीला कधी धरलाच नव्हता. सांधे खरवडले नव्हते, धूळ झाडली नव्हती, नाहीतर तापलेल्या कोरड्या विटेने मालातलं पाणी लावल्या लावल्या पिऊन टाकलं. ही काम करणाऱ्याची चूक. पाठीला विटेची लाल भुकटी किंवा विटेचा पातळ पापुद्राच चिकटून आला असेल, तर गिलावा विटेपेक्षा कडक होता आणि जाताना विटेची साल सोलून घेऊन गेला. आणि पाठीवर पांढरी लव दिसली, कापसाच्या तंतूंसारखी, बोट फिरवलं की झडणारी, तर ते क्षारांचे स्फटिक. ते गिलाव्याच्या मागे वाढले आणि त्यांनीच त्याला आतून ढकललं.

तुमच्या पोपड्यावर लाल भुकटी आणि पांढरी लव दोन्ही सापडतील, असा माझा अंदाज आहे. कारण तुम्हीच लिहिलंय : सिमेंट वाढवलं तेव्हा गिलावा आधीपेक्षा लवकर पडला, आणि ओल २ फुटांवरून साडेतीन फुटांवर गेली.

ही दुसरी गोष्ट नीट समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं सोपं होईल. विटेत पाणी वातीत तेल चढावं तसं चढतं. ते किती वर जाईल, हे एका जमाखर्चावर ठरतं. खालून जेवढं येतं तेवढं बाजूने वाळून गेलं, की ओलीची रेघ तिथे थांबते. तुमच्या पहिल्या गिलाव्यातून थोडीफार वाफ बाहेर जात होती, म्हणून रेघ २ फुटांवर थांबली. दुसरा घट्ट, त्यावर रंगाचा प्लॅस्टिकसारखा पापुद्रा. खालची वाट बंद झाल्यावर पाणी काही मागे फिरत नाही, ते वाळायला जागा शोधत वर जातं. म्हणजे दीड फूट जास्तीची ओल तुम्ही पैसे मोजून वर चढवलीत. वाईट वाटून घेऊ नका, मीही चढवली आहे. साइटवर आयुष्य गेलेला माणूस मी, पण आमच्या मागच्या भिंतीला एकास तीनचा गिलावा करून घेतला होता, तोही पुढे उभा राहून. दुसऱ्या वर्षी दाराएवढा तुकडा अखंड सुटून आला. काही पडण्याआधी कुंड्या बाजूला केल्या, एवढंच काय ते शहाणपण.

आता पत्रातलं ते वाक्य. ‘आतल्या बाजूला वाफा केलाय, त्याची काळजी नाही.’ ताई, काळजी त्याचीच आहे.

वाफ्यातली माती किती उंच आहे, ते तुम्ही लिहिलेलं नाही. टेप घेऊन मोजा, आणि बाहेरची ओल जिथे संपते तिथपर्यंतची उंचीही मोजा. माती दोन-अडीच फूट निघाली तर मला नवल वाटणार नाही. ती माती विटेला थेट टेकलेली आहे, रोज तिला पाणी मिळतं, आणि आत गिलावा नसल्यामुळे ते पाणी कसलीही आडकाठी न येता भिंतीत शिरतं. तुमची भिंत एका बाजूने रोज पाणी पितेय आणि दुसऱ्या बाजूने तिला वाळायची बंदी आहे.

त्यातून फुलझाडं म्हटलं की खत आलं. शेणखत, कंपोस्ट, दुकानातली खतं, यांतून येणारे नायट्रेट पाण्यात सहज विरघळतात आणि पाण्याबरोबर विटेत जातात. पाणी गिलाव्याच्या मागे वाळतं, क्षार तिथेच उरतात. ‘सोरा’ हा शब्द तुम्ही ऐकला असेल. बंदुकीच्या दारूला लागणारा सोरा म्हणजे नायट्रेटच, आणि एकेकाळी लोक तो जुन्या ओलसर भिंतींवरून, गोठ्यातल्या मातीतून मिळवत. तुमच्या भिंतीवर तोच कारखाना छोट्या प्रमाणात चालू आहे. या क्षारांची आणखी एक खोड म्हणजे ते हवेतला दमटपणा ओढून घेतात. म्हणून पाऊस नसतानाही, नुसती हवा दमट झाली तरी, भिंतीवर गडद ठिगळं दिसतात आणि कुठे नळ फुटलाय का म्हणून माणूस शोधत बसतो.

माझ्यावर विश्वास ठेवू नका, तपासा. पावसाचे दिवस नसताना ओलीच्या कडेने बाहेरून कोळशाची रेघ मारा आणि तारीख लिहा. मग वाफ्याला पाणी देणं तीन आठवडे बंद करा. झाडं जगवायची असतील तर काढून कुंड्यांत लावा. दर आठवड्याला नवी रेघ मारा. रेघ खाली सरकली, निदान ठिगळं फिकी पडली, तर गुन्हेगार सापडला. तसूभरही हलली नाही, तर पाणी दुसरीकडूनही येतंय. मग भिंतीच्या पायथ्याशी गेलेली पाण्याची किंवा सांडपाण्याची पाइप बघा, गच्चीचं पाणी कुठे पडतं ते बघा, अंगणाचा उतार भिंतीकडे आहे का ते बघा. अंगणात बादलीभर पाणी ओतून ते कुठे धावतं हे बघायला इंजिनियर लागत नाही.

वाफ्याचा सगळ्यात चांगला उपाय सगळ्यात साधाही आहे. माती भिंतीपासून तोडा. वाफा फूट-दीड फूट अलीकडे घ्या, त्याला स्वतःचा छोटा कठडा बांधा आणि मधली जागा मोकळी ठेवा. हवा खेळेल आणि भिंत दोन्ही अंगांनी वाळेल.

ते शक्यच नसेल, म्हणजे जमिनीची पातळीच आत उंच असेल, तर काम मोठं आहे. माती चार-पाच फुटांच्या टप्प्यात उकरायची, एकदम ४० फूट नाही, आणि पायाच्या खाली तर मुळीच जायचं नाही. भिंतीची मातीकडची बाजू घासून साफ करायची, मालाने सपाट करायची, वाळली की डांबरी लेपाचे दोन हात द्यायचे. भिंतीलगत फूटभर रुंदीत खडी भरायची, तळाशी भोकांची पाइप टाकून पाणी बाहेर काढायचं, खडी आणि माती यांच्यामध्ये जिओटेक्स्टाइल, म्हणजे पाणी जाऊ देणारं पण माती अडवणारं कापड, घालायचं, नाहीतर चिखल खडी बुजवून टाकतो. भिंतीत दर पाच-सहा फुटांवर, बाहेरच्या जमिनीच्या जरा वर, बाहेर उतार असलेली पाझरभोकं हवीत. कंत्राटदार त्यांना वीप होल म्हणतात आणि गिलावा करताना हमखास बुजवतात. बुजवू देऊ नका.

आणि हे सगळं करण्याआधी माथ्यावरून ओळंबा सोडून बघा. भिंत बाहेर झुकली असेल, मध्येच पोट काढलं असेल, तर गिलाव्याचा विषय तिथेच थांबवा. माती अडवण्यासाठी बांधलेली भिंत वेगळी असते, तुमची तशी बांधलेली दिसत नाही. अशा वेळी स्ट्रक्चरल इंजिनियरला बोलवा आणि तोवर त्या बाजूला कुणाला बसू देऊ नका.

इथे तुमच्या गवंड्याचं म्हणणं घेऊ. वॉटरप्रूफिंग वाईट नाही, पण तो ते उलट्या बाजूला लावतोय. पाणी जिकडून शिरतं ती बाजू बंद करायची आणि जिकडून निघतं ती उघडी ठेवायची. बाहेरून एकास तीनचा, वर केमिकल घातलेला थर लावला, तर पाणी भिंतीत येणं थांबणार नाही, फक्त बाहेर पडणं थांबेल. ओल आणखी वर जाईल आणि गिलाव्यामागे क्षार साठत राहतील. त्यांची ताकद कमी समजू नका. सोडियम सल्फेटचंच बघा. ते वाळलेलं असतं तेव्हा त्याचं एक रूप, पाणी धरून स्फटिक झालं की दुसरं, आणि या दुसऱ्या रूपात त्याचं आकारमान तिपटीहून जास्त होतं. विटेच्या बारीक छिद्रात हे पुन्हा पुन्हा घडलं की वीट भुगा होते. शिवाय सल्फेटची सिमेंटमधल्या अॅल्युमिनेटशी गाठ पडली की एट्रिंगाइट नावाचं संयुग तयार होतं, तेही फुगतं. विटांच्या थरांना धरून आडव्या भेगा पडल्या असतील तर हा संशय घ्या. वरच्या भेगा नकाशातल्या नद्यांसारख्या वेड्यावाकड्या असतील, तर मात्र कारण साधं आहे : माल सिमेंटने फार तगडा होता, वाळताना आकसला आणि फाटला.

टाइल्सबद्दल फार लिहीत नाही. टाइल म्हणजे आणखी घट्ट आणि आणखी जड झाकण. पोपडा पडला तर कचरा होतो, टाइल रस्त्याकडे पडली तर कुणाला तरी लागते. भावाला सांगा, कटकट मिटत नाही, झाकली जाते.

भिंतीच्या माथ्याकडे फारसं कुणी बघत नाही. साडेपाच फूट म्हणजे डोळ्यांच्या वरची उंची, त्यामुळे तिथे काय चाललंय ते कळतच नाही. स्टूल घेऊन चढा. माथा सपाट असेल, नुसता गिलाव्याने गुंडाळलेला असेल, त्यात केसासारखी भेग असेल, तर पावसाचं पाणी तिथून थेट भिंतीच्या गाभ्यात उतरतं. माथ्याला कोपिंग हवं : दगडाच्या लाद्या किंवा काँक्रीटचे तयार तुकडे, एका बाजूला उतार असलेले, भिंतीच्या दोन्ही अंगांना दीड-दोन इंच पुढे आलेले. पुढे आलेल्या भागाच्या खालून, भिंतीपासून इंचभर तरी दूर, एक सलग खाच हवी. तिला ड्रिप म्हणतात. खाच नसेल तर पाणी कोपिंगच्या पोटाखालून सरपटत भिंतीवर येतं, असेल तर खाचेच्या कडेला थेंब होऊन खाली पडतं. इतकी क्षुल्लक गोष्ट, पण ती नसलेल्या भिंतींवर कोपिंगखाली काळे ओघळ हमखास दिसतात.

पायथ्याला फरशी किंवा काँक्रीट भिंतीला भिडवलं असेल तर पावसाचे थेंब तिथे आपटून भिंतीवर उडतात. फूटभर पट्टा उखडून खडी टाका.

आता गिलावा. अजून थोडं थांबायचंय.

जुना गिलावा पाडा. ओलीची रेघ जिथे संपते त्याच्या वर आणखी दीड-दोन फूट पाडा, त्यापुढे थापीच्या लाकडी मुठीने ठोकत जा. चांगला गिलावा टणक वाजतो, सुटलेला भद्द. जिथे भद्द वाजेल तिथे पाडायचा. तुमच्या साडेपाच फुटांच्या भिंतीत याचा अर्थ, जवळजवळ सगळाच. सांधे अर्धा इंच खोल खरवडा. खार कोरड्या ब्रशने झाडून सुपलीत गोळा करा आणि लांब नेऊन टाका, वाफ्यात नको. पाइप घेऊन भिंत धुवायचा मोह होईल. धुवू नका. खार पाण्यात विरघळते आणि ज्या विटेतून बाहेर आली तिच्यातच परत जाते.

मग भिंत उघडी सोडा. बांधकामातला जुना ठोकताळा आहे, इंचाला महिना. तुमची ९ इंची भिंत, गणित तुम्हीच करा. दोन्ही अंगं मोकळी असतील आणि हवा कोरडी असेल तर लवकर होईल, पण निदान एक कोरडा हंगाम तिला द्याच. या काळात ती कुरूप दिसेल, येणारेजाणारे विचारतील. अर्धवट सोललेली भिंत पाहून माणसं जितके सल्ले देतात तितके लग्नाच्या मुलामुलींनाही मिळत नाहीत. दर दोन आठवड्यांनी फुटलेली खार कोरडीच झाडत राहा. ती कमी कमी होत जाते. वाट बघण्याचा फायदा हाच, की क्षार गिलाव्यामागे न साठता मोकळ्या विटेवर येतात आणि तुमच्या सुपलीत जातात.

खार खूपच असेल तर खालच्या तीन-साडेतीन फुटांना एक कच्चा गिलावा करून बघा : एक भाग चुना, तीन भाग वाळू, सिमेंट अजिबात नाही. तो टिकवायचा नाहीच. तो मऊ आणि सच्छिद्र असतो, पाणी त्यातून बाहेर येऊन वाळतं आणि क्षार विटेऐवजी त्याच्यात अडकतात. सहा महिने-वर्षाने तो खार खाऊन भुसभुशीत होतो, मग तो पाडून फेकायचा. पडण्यासाठीच गिलावा करायचा, हे गवंड्याला पटवणं हे या पूर्ण कामातलं सर्वांत अवघड काम आहे.

यानंतरचा, राहणारा गिलावा. माझं उत्तर : सिमेंट, चुना, वाळू १:१:६, मोजून, फावड्याच्या अंदाजाने नाही. दुसरा हात आणखी मऊ, १:२:९. नियम असा की भिंतीपासून बाहेर येताना प्रत्येक थर आधीच्यापेक्षा कमी कडक आणि कमी जाड असावा. आपल्याकडे बरोबर उलटं चालतं, आत स्वस्तातला माल आणि वरून घोटलेलं भरभक्कम सिमेंट. कडक थर मऊ थरावर बसवला की आकसताना खालच्याला ओढून घेऊन सुटतो.

चुना कशाला, हे गवंडी विचारेलच. चुन्याने माल लोण्यासारखा पसरतो आणि पाणी धरून ठेवतो, त्यामुळे वीट तो एकदम सुकवत नाही. वाळल्यावर त्यातून वाफ आरपार जाते आणि भिंत किंचित हलली तर तो थोडं सोसून घेतो. तो हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन सावकाश घट्ट होतो, पुन्हा चुनखडीच बनतो. पोर्टलंड सिमेंटचं पेटंट १८२४ चं. त्याआधी कितीतरी ठिकाणी शतकानुशतकं भिंती चुन्यानेच लिंपल्या गेल्या. सिमेंट नको असं मी म्हणत नाही, उघड्या भिंतीला पहिल्या पावसात टिकायला ते थोडं लागतं. फक्त त्याचं राज्य नको. चुन्याची फक्की आदल्या रात्री पाण्यात भिजवून ठेवा. हातमोजे आणि चष्मा घालूनच काम करायचं. चुना डोळ्यात गेला तर डोळा जायची वेळ येते. गेलाच तर चोळू नका, भरपूर साध्या पाण्याने धूत राहा आणि तडक डॉक्टरकडे जा.

वाळू बघून घ्या. काचेच्या बरणीत अर्ध्यापर्यंत वाळू घाला, चिमूटभर मीठ टाकलेलं पाणी ओता, जोरात हलवा आणि तीन तास ठेवून द्या. वर गाळाचा थर बसेल. ६ इंच वाळूवर तो अर्ध्या इंचापेक्षा कमी हवा. जास्त असेल तर वाळू धुवा किंवा परत पाठवा. समुद्राची वाळू तर फुकट दिली तरी नको, ज्या क्षारांशी भांडतोय तेच पोत्याने विकत घेतल्यासारखं होईल.

लावायच्या दिवशी भिंत सावलीत असताना काम करा, ऊन ज्या बाजूला येतं त्याच्या पुढे पळत राहायचं. विटेवर पाणी शिंपडा आणि थांबा. चकाकी गेली, पण हात लावल्यावर गारवा लागतो, ती वेळ. पाणी तरंगत असेल तर माल घसरेल, वीट कोरडी असेल तर ती मालातलं पाणी पिऊन टाकेल. आधी सिमेंट आणि जाड वाळूचा, एकास तीनचा पातळसर छपका थापीने झटकून मारायचा. पूर्ण झाकायचं नाही, मध्येमध्ये वीट दिसत राहील असा जाळीसारखा. तो खरखरीत राहतो आणि पुढचा थर त्याला धरतो. एवढ्या एका जागी मी कडक माल चालवून घेतो, कारण तो अर्ध्याच जागेत असतो. दोन-तीन दिवसांनी पहिला हात, १२ मिलिमीटरच्या आसपास. खड्डे असतील तर ते आदल्या दिवशीच वेगळे भरून घ्यायचे, एकाच जागी जाड थर देऊन नाही. माल जरा आवळला की त्यावर नागमोडी रेघा ओढून ठेवायच्या. निदान आठवडा जाऊ द्या, मग दुसरा हात, ६ ते ८ मिलिमीटर. कालवलेला माल तासाभरात संपवायचा. घट्ट झालेल्यात पाणी घालून तो पुन्हा जिवंत करायचा हट्ट नको.

शेवटचा हात लाकडी रंध्याने फिरवा, लोखंडी थापीने घोटू नका. घोटलं की सिमेंट आणि चुन्याची साय वर येते, भिंत आरशासारखी दिसते आणि महिन्याभरात जाळीदार भेगा पडतात. आणि गवंडी ओल्या गिलाव्यावर कोरडं सिमेंट भुरभुरायला लागला तर तिथेच हात धरा. काम लवकर उरकायची ती युक्ती आहे. तुमचा दुसरा गिलावा फाटला त्यात तिचाही हात असू शकतो.

गिलावा जमिनीपासून १५ सेंटिमीटर वर थांबवा. हे ऐकून गवंडी ‘अर्धवट दिसेल’ म्हणेल. दिसू द्या. जमिनीला टेकलेला गिलावा जमिनीचं पाणी वातीसारखा वर ओढतो. खालच्या पट्टीत विटा उघड्या, सांधे नीट भरलेले, एवढं पुरे. बांधणीत मुळातच भिंतीला हलायला उभा सांधा (फट) सोडलेला असेल तर गिलाव्यातही तो तसाच वर आणा, त्यावरून माल ओढला तर भेग तिथेच येणार. विटा आणि काँक्रीटचा खांब जिथे भेटतात तिथे जाळी घाला, न गंजणारी.

सात दिवस पाणी मारा, पण नळीची धार नको, फवारा. कडक ऊन असेल तर ओलं गोणपाट टांगा.

रंग महिनाभर तरी नको. नंतर चुन्याचा हात किंवा सिलिकेटचा रंग द्या. सिलिकेट रंग भिंतीवर पापुद्र्यासारखा बसत नाही, खनिज पृष्ठभागाशीच एकजीव होतो आणि वाफ अडवत नाही. जर्मनीत आडोल्फ विल्हेल्म काइम यांनी त्याचं पेटंट १८७८ मध्ये घेतलं, म्हणजे ही काही नवी टूम नाही. मात्र जुन्या प्लॅस्टिक रंगावर तो धरत नाही, आणि तुमच्या वरच्या भागात जुना गिलावा थोडा राहिला तर ही अडचण येईल. म्हणूनच सगळाच पाडा म्हणतोय.

एक पर्याय तुम्ही विचारलेला नाही, पण मला तोच जास्त आवडतो. भिंत उघडी ठेवून ती वाळल्यावर विटा कशा दिसतात ते बघा. फार सोललेल्या नसतील तर गिलावा करूच नका. सांधे १:१:६ च्या मालाने भरून घ्या, माथ्याला कोपिंग बसवा आणि सोडून द्या. विटांची भिंत गिलाव्याशिवाय उभी राहू शकते. पोपडे पडायला तिथे काही उरतच नाही. सगळ्या विटांची साल गेलेली असेल तर मात्र गिलावा लागेल.

राहिला तो वॉटरप्रूफिंगचा डबा. सील फोडलं नसेल आणि दुकानदार परत घेत असेल तर देऊन टाका. घेत नसेल तर कोपिंग बसवायच्या मालात आणि त्याच्या सांध्यांत वापरा, डब्यावर लिहिलेल्या मापाने. उरलेला झाकण घट्ट लावून सावलीत ठेवा, आणि गवंडी येईल त्या दिवशी त्याच्या हाती लागणार नाही अशा जागी ठेवा.